घरगुती, अनिवासी

काम्पोबास्सो, ९ नोव्हेंबर

त्या शनिवारी मी आधी चादरी वेगळ्या काढल्या, मग तुझ्या बाबांचे सदरे, मग टॉवेल. घेवडा आदल्या दिवशीच भिजत घातला होता, तो मंद आचेवर ठेवला. गाद्या खिडकीत टाकल्या, कोंबड्यांचं पाणी बदललं. मार्च होता, ऊन पडलं होतं पण अंगण पायाला गार लागत होतं. मशीन लावलं आणि ते न थांबता चालू लागलं, तेव्हा मी मनात म्हटलं, चला, दुपारच्या आत धुणं वाळत पडेल. तुझे बाबा दारात येऊन म्हणाले, "कॉफी टाक गं. चंद्र उतरणीला लागलाय, तेवढ्यात पंप लावून वाइन दुसऱ्या पिंपात घेतो." मी दोन कप काढले.

पुढचं तुला माहीत आहे.

दोनाता, वीस महिन्यांनी पत्र लिहायला घेतलं आणि सुरुवातच अशी झाली. दोनदा फाडलं, दोन्ही वेळा हेच लिहिलं गेलं, म्हणून आता राहू देते.

तुझ्या सर्व्हेअरचं पत्र मिळालं आहे. आधीचंही मिळालं होतं. घर विकायला माझी सही लागते हे मला समजलं आहे, मी काही अडवून बसलेली नाही. तू लिएजमध्ये बसून तसं समजत असशील तर मी तुला दोष देत नाही. नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून मला 'तुम्ही एर्सिलिया' म्हणत आलीस. सावत्र आईला आई म्हण असं मी कधी सांगितलं नाही, तुझ्या बाबांनाही सांगू दिलं नाही.

मी इथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत भाड्याने राहते. खिडकीतून एक बेकरी दिसते आणि बाकी सगळ्या भिंती. दिवस बरे जातात. वाचनालय जवळ आहे, तिथली बाई मला आता पुस्तकं निवडून ठेवते. कधीकधी जेवताना पुस्तक उघडून समोरच्या ग्लासाला टेकवते. म्हणजे कुणीतरी बोलतंय असं वाटतं.

कटकट एकच आहे, विजेची. दोन महिन्यांचं बिल दोनशे एक्केचाळीस युरो आलं. एकटी बाई, एक शेगडी, ती पण गॅसची. मी बिल घेऊन बसले आणि एखादी कादंबरी वाचावी तसं पहिल्या ओळीपासून वाचलं, शब्दकोश शेजारी ठेवून. तिसऱ्या पानावर माझ्या नावाखाली लिहिलंय: घरगुती, अनिवासी. मी कंपनीच्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी बोलली.

"सिन्योरा, तुमचा कायमचा पत्ता पोज्जोव्हेत्रेचा आहे. म्हणजे हे तुमचं दुसरं घर धरलं जातं. सुट्टीचं घर. त्याला जास्त आकार लागतो."

"सुट्टीचं?" मी म्हटलं. "बाळ, इथे समोर बेकरीची चिमणी आहे."

ती हसली. म्हणाली, नगरपालिकेत जाऊन पत्ता बदलून घ्या, एका अर्जाचं काम आहे. मी बरं म्हटलं. अजून गेलेली नाही. गावच्या नोंदवहीत अजून मी आणि तुझे बाबा एका ओळीत आहोत. त्यांच्या नावापुढे तारीख पडली आहे एवढंच. ती ओळ मोडायला हात होत नाही.

शिवाय इथे लाइट जाते. तळमजल्यावरच्या इनेसबाईंना आधी कळतं, मग मला. मी इस्त्री आणि मशीन एकदम लावलं की खाली तळघरातल्या मीटरची कळ पडते आणि त्या जिन्यातून ओरडतात, "एर्सिली! आज काय, बैल भाजतेस का ओव्हनमध्ये?" तळघरात उतरून कळ वर करावी लागते. ते त्याच करतात माझ्यासाठी, बदल्यात मी त्यांना लसणाची भाजलेली मिरची देते. माझे गुडघे तळघराच्या पायऱ्यांना चालत नाहीत.

तुझी तब्येत जप.

एर्सिलिया


काम्पोबास्सो, २८ नोव्हेंबर

दोनाता,

तुझं उत्तर आलं नाही, पण तुझ्या वकिलाचं आलं. २२ जानेवारीला इलेक्ट्रिशियन क्विरिनोवरच्या खटल्यात मला कोर्टात साक्षीला बोलावलं आहे. घरचा विजेचा बोर्ड क्विरिनोने बसवला होता, त्याला दुसरं कुणी हात लावत नसे, एवढंच मी पुन्हा सांगायचं आहे, असं त्यांनी लिहिलंय. पुन्हा हा शब्द त्यांनी दोनदा वापरलाय.

गुडघ्यांचं मी खोटं लिहिलं होतं. तीन मजले रोज चढते. तळघरात उतरता येत नाही, ते वेगळ्या कारणाने.

इथली लाइट आता वेगळ्या तऱ्हेने जाऊ लागली आहे. इनेसबाई म्हणाल्या, "खालची कळ तर वरच आहे गं, मी काय करू?" पाहिलं तर माझ्याच दारावरच्या बोर्डातलं साल्वाविता पडलेलं. आपल्याकडे सगळे त्याला असंच म्हणतात, जीव वाचवणारं, आणि ते नाव किती वेळा उच्चारतो पण त्याचा अर्थ कुणी ऐकत नाही. वर केलं की पाच मिनिटांनी पुन्हा पडतं. न्हाणीतला गिझर बंद ठेवला की पडत नाही.

मी वाचनालयातून घरच्या विजेवरचं एक जुनं पुस्तक आणलं. पाचवी शिकलेल्या बाईला समजेल असं लिहिलंय. घरात जेवढी वीज येते तेवढीच परत जायला हवी, साल्वाविता तेवढंच बघत असतं. वाटेत कुठे थोडी जरी गळली, ओल्या भिंतीत, पाण्यात, माणसाच्या अंगात, तर ते डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद करतं. ते पडतं तेव्हा ते बिघडलेलं नसतं, त्याचं काम चोख चाललेलं असतं. हे पान मी चार वेळा वाचलं. हे मला पासष्टाव्या वर्षी कळायला हवं होतं, सदुसष्टाव्या वर्षी कळून काय.

घरमालक सिन्योर पेत्रेल्लांना फोन केला. ते एका इलेक्ट्रिशियनला घेऊन आले. आगिम त्याचं नाव, अल्बानियातला, पण वीस वर्षं इथे आहे, आपल्यापेक्षा चांगली काम्पोबास्सोची बोली बोलतो. त्याने गिझरचं झाकण काढलं, आत डोकावला आणि शीळ घातली.

"सिन्योरा, हा गिझर तुमच्या लग्नातला आहे का?"

"माझं लग्न उशिरा झालं," मी म्हटलं.

"याची कॉइल फुटली आहे. करंट पाण्यात उतरतोय. आणि थर्मोस्टॅट चिकटलाय, म्हणून हा दिवसरात्र तापतच असतो. तुमचं बिल हाच खातोय." मग मालकांकडे वळला. "नवा बसवा. दीडशे-दोनशेचं काम आहे."

पेत्रेल्लांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "आत्ताच छप्पर केलं आहे रे. तूर्तास काहीतरी कर. ते साल्वाविता फार नाजूक आहे. त्याला वगळून वायर डायरेक्ट करून टाक."

"नाही," मी म्हटलं.

"अहो, सगळे करतात. माझ्या आईकडे दहा वर्षं डायरेक्ट आहे. काही होत नाही."

मी ओरडले, दोनाता. मी, जिने तुझ्या बाबांवर कधी आवाज चढवला नाही. जिन्यात दारं उघडली इतकं ओरडले. म्हटलं, माझ्या घरात कुणी डायरेक्ट करणार नाही. पेत्रेल्ला म्हणाले, "तुमच्या घरात? घर माझं आहे, सिन्योरा." आणि खाली उतरून गेले.

आगिम हत्यारं गोळा करत थांबला. त्याला वाटलं मला धीर द्यावा. म्हणाला, "बरोबर बोललात तुम्ही. दोन वर्षांमागे इथे जवळच्या गावात एक माणूस असाच गेला. वाइनच्या पंपाने. बोर्ड क्विरिनो नावाच्या माणसाने बसवलेला. मी त्याच्या हाताखाली काम केलंय. असा नेटका हात मी पाहिला नाही, वायरी अशा लावायचा की जणू केस विंचरलेत. त्याने डायरेक्ट केलं असेल यावर माझा विश्वास नाही. नंतर कुणीतरी केलं असणार. पण नाव गेलं ते गेलं. आता त्याला कुणी एक बल्ब लावायला बोलवत नाही. गाडी विकली त्याने. कुठल्याशा गोदामात खोकी उचलतो, साठीला."

मी त्याला कॉफी दिली. साखर किती, एवढंच विचारलं. पंपाने गेलेला तो माणूस माझा कोण होता हे मी त्याला सांगितलं नाही.

गिझर बंद ठेवलाय. गॅसवर पातेलं तापवून अंग धुते. लहानपणी तसंच धुवायचो.

एर्सिलिया


काम्पोबास्सो, १३ डिसेंबर

दोनाता,

काल मंगळवारच्या बाजारातून कोबी आणि कपडे धुवायचा साबण घेऊन आले तर दारात पेत्रेल्लांची चिठ्ठी: 'नाताळच्या शुभेच्छा. सगळं दुरुस्त केलंय. आता कटकट नाही.' त्यांच्याकडे एक किल्ली असते.

न्हाणीत गेले. नळ सोडला, गरम पाणी आलं. दोनेक आठवड्यांनी गरम पाणी. मी धारेखाली हात धरून उभी राहिले आणि खरं सांगते, आधी बरंच वाटलं. मशीन लावलं. ते न थांबता चालू लागलं.

तो आवाज ऐकला आणि मी नळ बंद केला. तसंच ते सुरळीत चाललं होतं त्या शनिवारी.

साल्वाविताला एक छोटं बटण असतं, 'टी' लिहिलेलं. महिन्यातून एकदा दाबा, दिवा गेला तर ते जागं आहे असं समजा, असं पुस्तकात सांगितलंय. स्टुलावर चढले आणि बटण दाबलं.

दिवा गेला नाही. पुन्हा दाबलं. दिवा तसाच.

माणूस दिवा गेला की घाबरतो. मी दिवा राहिला म्हणून स्टुलावरून उतरू शकत नव्हते.

मग मेन बंद केलं आणि कोबी तशीच पिशवीत ठेवून जिन्यात जाऊन बसले. इनेसबाई वर आल्या. अंगावर कोट, पायात चपला.

"काय गं एर्सिली, अंधारात काय करतेस? चोरांना सोपं जावं म्हणून?"

मी सांगितलं काय झालं. त्या म्हणाल्या, "त्याच्या आईकडे पण आहे म्हणे तसं."

"हो."

"मग कशाला एवढं? चल माझ्याकडे, मसूर शिजवलेत."

मी गेले नाही. त्यांना म्हटलं, आगिमचा नंबर लावून द्या. त्याने फोनवर आधी एक शिवी दिली, मग माझ्यासमोर दिली म्हणून माफी मागितली. म्हणाला, "मी नाही केलं ते. मालकाने स्वतः केलं असणार, नाहीतर कुणा नवशिक्याकडून. मी उद्या येतो. तोवर मेनला हात लावू नका." मी विचारलं, पैसे किती. तो म्हणाला, याचे मी घेत नाही.

आज सकाळी तो आला. दहा मिनिटांत जोडलेली वायर काढली, गिझरच्या वायरी कापून टोकांना टोप्या घातल्या. मग मला बोर्डात काय केलं होतं ते दाखवायला लागला. "बघा, ही इथून आत जायची ती त्यांनी वरूनच..."

"मला माहीत आहे कशी करतात," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. तो मूर्ख नाही. माझ्या दारावर तुझ्या बाबांचं आडनाव आहे, बाहेर पाटीवर. जाताना त्याने ते वाचलं. दारात टोपीला हात लावला आणि काही न विचारता गेला. त्याने विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं, इतकी मी भरले होते. पण त्याला सांगून काय उपयोग? ते तुला सांगायला हवं. आणि आज जमत नाही.

एर्सिलिया


काम्पोबास्सो, १७ डिसेंबर, रविवार

दोनाता,

हे पत्र पूर्ण वाच. मध्येच टाकून देशील हे मला ठाऊक आहे, तरी पूर्ण वाच.

त्या शनिवारच्या आधीच्या जानेवारीत आपलं मशीन बिघडलं होतं. लावलं की पाच मिनिटांत साल्वाविता पडायचं. धुणं अर्ध्यात, साबणाचं पाणी ड्रममध्ये तसंच, आणि मी दर वेळी बाहेरून फिरून तळघराशेजारच्या बोर्डापर्यंत जायची. बर्फ होतं. एकदा घसरले, मनगट सुजलं. तुझ्या बाबांनी क्विरिनोला बोलावलं. तो आला, मशीन उघडून बघितलं आणि म्हणाला, "कोमारे, हे मशीन फेका. बोर्डाला काही झालेलं नाही. तो ओरडतोय तो बरोबर ओरडतोय." तुला माहीतच आहे, आमच्या लग्नात तो साक्षीदार होता, तेव्हापासून मला कोमारे म्हणायचा. जाताना तुझ्या बाबांना पुन्हा म्हणाला, "नुन्झिओ, तुला मी ओळखतो. त्या बोर्डाला हात लावशील तर बघ."

नवं मशीन उन्हाळ्यात घेऊ असं ठरलं. मला धीर धरवेना. मी रोज टोचत राहिले. "चादरी कुजतील ड्रममध्ये." "तुमचा सगळा वेळ वाइनला." एकदा मी म्हणाले, "तुमच्या पहिल्या बायकोच्या घरात असं झालं असतं तर तुम्ही बसला असतात का?" हे मी म्हटलं, दोनाता. तुझ्या आईचं नाव मी आमच्या घरात कधी काढत नव्हते आणि काढलं ते यासाठी.

त्यांनी पक्कड घेतली आणि म्हणाले, "चल, बॅटरी धर."

मी बॅटरी धरली. त्यांनी वायर कशी वळवली, कुठे आवळली, सगळं मी पाहिलं. उजेड नीट पडावा म्हणून मी जवळ सरकले, एकदा हात बदलला. झाकण लावताना ते हसले, म्हणाले, "बघ, क्विरिनोला सांगू नकोस, मला मारेल." आणि मी हसले. मला खरंच आनंद झाला होता.

सहा आठवडे मशीन सुरळीत चाललं. मग तो शनिवार. पंपाची वायर जुनी होती, फरशी ओली होती. मी कॉफी घेऊन खाली गेले.

पोलीस ठाण्याच्या मार्शलने विचारलं, बोर्डात फेरफार कुणी केला? मी म्हटलं, बोर्ड क्विरिनोचा, दुसरं कुणी हात लावत नसे. तोंडातून निघालं ते असं निघालं. मला वाटलं, मेलेल्या माणसाला मूर्ख कशाला ठरवू. मला वाटलं, तुझे बाबा तुझ्यासमोर तरी शहाणे राहू देत. दफनाच्या दिवशी तू विचारलंस, "त्या घरात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे ना?" आणि मी नाही म्हटलं. हे मी तुझ्यासाठी केलं असं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मला भीती वाटत होती की तू मला विचारशील, त्यांनी ते कुणासाठी केलं.

क्विरिनोने कुठेही माझं नाव घेतलं नाही. त्याला माहीत आहे, नक्कीच. 'नुन्झिओ, तुला मी ओळखतो' हे त्याने माझ्यासमोरच म्हटलं होतं. कोर्टात त्याने एवढंच सांगितलं की मी हे केलेलं नाही. एका विधवेला खोटी ठरवायला त्याची जीभ रेटली नाही.

घराचे कागद सही करून सोबत ठेवले आहेत. तुला हवं ते कर. भांडी आणि बाबांची हत्यारं तुझी आहेत, पंप पोलिसांकडे आहे. मला काही नको.

तू आता मला काय म्हणशील ते मी मनात ऐकून घेतलंय, सगळे शब्द. तरीही तुझं पत्र आलं तर मला बरं वाटेल, त्यात काहीही लिहिलेलं असलं तरी.

एर्सिलिया


२० डिसेंबर

वरचं पत्र तीन दिवस टेबलावर पडून होतं. रविवारीच पोस्टाच्या पेटीत टाकायला निघाले आणि बेकरीपाशी थांबले. तुला आधी लिहिणं म्हणजे पुन्हा पळवाट होती. तू लांब आहेस, पत्राला आठ-दहा दिवस लागतात, तू उत्तर देशील की नाही ठाऊक नाही, आणि तोवर २२ जानेवारी येईल, आणि क्विरिनो गोदामात खोकी उचलत असेल. म्हणून घरी परत आले. शेजारच्या खुर्चीवर काळा कोट काढून ठेवला. इनेसबाईंना सांगितलं की उद्या मी नाही, दाराकडे लक्ष ठेवा. "जातेस कुठे एवढ्या थंडीत?" म्हणाल्या. म्हटलं, गावी. "नाताळला?" नाही, म्हटलं, एका कामाला.

दुसऱ्या दिवशी सोमवारी मी पावणेआठची बस पकडली, पोज्जोव्हेत्रेला उतरले, घराकडे न वळता सरळ काराबिन्येरींच्या ठाण्यात गेले आणि मार्शलसमोर बसून माझा जबाब खोटा होता, बोर्ड माझ्या सांगण्यावरून माझ्या नवऱ्याने डायरेक्ट केला, असं लिहून सही केली.